सोप्रानो सोपा नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांनी कोणतं वाद्य शिकावं यावर पालकांसाठी एक लेख आला होता. लेख कळकळीनं लिहिलेला आहे, पेटी-तबल्याबद्दलचं त्यातलं बरंचसं मला पटलंही. पण सोप्रानो सॅक्सोफोनवरची पाच-सहा वाक्यं वाचली आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. हा सॅक्सोफोन आकारानं लहान, वजनाला हलका, म्हणून मुलांना सुरुवातीला सोयीचा. तो म्हणजे धातूची क्लॅरिनेटच. आणि हॉटेलं, लिफ्ट, स्वागत-समारंभ इथल्या मंद गोड संगीतापलीकडे त्याला फारसं काम नाही, असं त्यात म्हटलं आहे. या तिन्ही गोष्टींवर मला बोलायचं आहे. पत्र लांबलं तरी जागा द्यावी, ही विनंती.

फुंकून वाजवायच्या वाद्यांची दुरुस्ती हा माझा धंदा. मिरज म्हटलं की लोकांना सतार-तंबोऱ्याचे कारागीर आठवतात, आणि ते योग्यच आहे. माझं दुकान त्यांच्याच शेजारात आहे, पण माझ्याकडे येतात ती बँडवाल्यांची वाद्यं : क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, ऑल्टो आणि टेनर हे सोप्रानोहून मोठे सॅक्सोफोन. लग्नसराई सरली की सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजी, चिकोडीकडून माणसं येतात. कुणाचे पॅड, म्हणजे भोकं बंद करणाऱ्या मऊ चकत्या, फाटलेले, कुणाची स्प्रिंग गेलेली, कुणाची बेल, म्हणजे टोकाचा पसरट कर्णा, टेम्पोतून पडून पोचलेली. यात सोप्रानो क्वचितच असतो. पण तो आला की बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ खातो. ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो ते गोव्याचे मास्तर सोप्रानो दुरुस्तीला घ्यायचा असला की भल्या सकाळी, रस्त्यावरची वर्दळ सुरू होण्याआधी बसत. पॅड झाकणीवर टेकतानाचा बारीक आवाजसुद्धा त्यांना ऐकायचा असे.

आधी क्लॅरिनेटचं घेतो. दोन्ही वाद्यं सरळ, दोन्हींच्या माउथपीसला एकेरी रीड, म्हणजे वेताची पातळ पट्टी, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला ती सख्खी भावंडं वाटतात. पण दोन्हींत आतून दिवा धरून पाहा. क्लॅरिनेटची नळी जवळजवळ सगळी लांबी एकाच रुंदीची असते. सोप्रानोची नळी तोंडाशी अरुंद आणि तिथून बेलपर्यंत रुंदच होत जाणारी, शंकूच्या आकाराची. आपली सनई अशीच असते. हा फरक दिसण्यापुरता नाही. वाद्य कसं बोलणार ते त्यावर ठरतं. क्लॅरिनेटवर खालचा षड्ज धरून अंगठ्याची की दाबली तर सूर वरच्या षड्जावर जात नाही, त्याला ओलांडून थेट वरच्या सप्तकातल्या पंचमावर पोचतो. म्हणून क्लॅरिनेटवाल्याला खालची आणि वरची बोटं निरनिराळी पाठ करावी लागतात. शंकूच्या नळीत बोटं तीच राहतात आणि सा चा वरचा सा होतो. सनईत हेच घडतं, सॅक्सोफोनमध्येही हेच. तेव्हा सोप्रानो बाहेरून क्लॅरिनेट आणि आतून सनई आहे. सनईला दुहेरी जिव्हाळी आणि बोटांखाली उघडी भोकं, सॅक्सोफोनला एकेरी रीड आणि भोकांवर पॅड लावलेल्या झाकण्या. हा फरक मात्र मोठा आहे, त्याकडे पुढे येतो.

सॅक्सोफोन ज्यानं घडवला तो आदॉल्फ साक्स बेल्जियममधल्या दिनां गावचा, जन्म १८१४ चा. तो स्वतः क्लॅरिनेट वाजवायचा आणि बनवायचाही. बास क्लॅरिनेटमध्ये त्यानं मोठ्या सुधारणा केल्या. मैदानात वाजणाऱ्या लष्करी बँडसाठी पितळी वाद्यांचा जोर आणि लाकडी वाद्यांचा लवचीकपणा एकत्र आणायचा, हा त्याचा ध्यास. १८४६ मध्ये पॅरिसला त्यानं पेटंट घेतलं ते एकट्या-दुकट्या वाद्याचं नव्हे, लहानमोठ्या सॅक्सोफोनच्या अख्ख्या घराण्याचं. सोप्रानो त्यातला वरच्या आवाजाचा, टेनरच्या बरोबर एक सप्तक वर. आपल्या पेटीच्या हिशेबात सांगायचं तर सोप्रानोवर वादकानं 'सी' वाजवला की ऐकणाऱ्याला काळी पाच ऐकू येते.

आता सोपेपणाचं. वाद्य जितकं लहान तितकी चुकीला जागा कमी. टेनरमध्ये एखादा पॅड जरा जास्त उघडत असला तर कान चालवून घेतो. सोप्रानोची नळी सत्तर सेंटिमीटरच्या आसपास. तिथं तेवढ्याच फरकानं सूर उतरतो किंवा चढतो. शिवाय शंकूचं टोक कापून त्या जागी माउथपीस बसवलेला असतो. कापून टाकलेल्या टोकात जेवढी हवा मावली असती तेवढीच माउथपीसच्या पोकळीत मावली पाहिजे. नाही तर खालचं सप्तक सुरात आणि वरचं बेसूर, अशी गत होते. स्वस्त वाद्याबरोबर फुकट मिळणारा माउथपीस नेमका इथे घात करतो. आणि हे सगळं जमलेलं असलं तरी ओठ उरतोच. रीड इतकी अरुंद असते की ओठ जरा आवळला की सूर वर, जरा सैलावला की खाली. पेटीवर बोट ठेवलं की सूर मिळतो. सोप्रानोवर बोट ठेवल्यावर नुसता पत्ता मिळतो. घर वाजवणाऱ्यानं कानानं शोधायचं असतं.

नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा कान आणि ओठ दोन्ही अजून घडायचे असतात. अलीकडे ऑनलाइन मागवलेले चकचकीत सोप्रानो दुकानात येऊ लागले आहेत, सोबत आईवडील आणि हिरमुसलेलं पोर. पोराला सूर नाही असं कुणीतरी सांगितलेलं असतं. मी वाद्य अंधारात धरून आत दिवा सोडतो आणि दोन-तीन पॅडांखालून उजेड बाहेर येताना त्या आईवडिलांना दाखवतो. वाद्यच गळतंय, पोरानं काय करावं? पॅड नीट बसवून दिले तरी पुढे ओठाशी झगडा आहेच. मुलाला सॅक्सोफोनच हवा असेल तर ऑल्टोपासून सुरू करावं, किंवा आधी क्लॅरिनेट घ्यावी. ऑल्टोही मेहनत मागतो, पण नवशिक्याच्या चुका तो पोटात घालतो. सोप्रानो घालत नाही. ज्यांनी सोप्रानोला मोठं केलं त्या अमेरिकन जॅझवादकांकडे पाहा. सिडनी बेशे लहानपणापासून क्लॅरिनेट वाजवत होता. जॉन कोलट्रेन आधी क्लॅरिनेट, मग ऑल्टो, मग टेनर असा आला. वेन शॉर्टरची सुरुवात क्लॅरिनेटची. कान तयार करून ही माणसं सोप्रानोकडे आली.

बेशेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मराठीत त्याच्याविषयी फारसं वाचायला मिळत नाही. जन्म १८९७ चा, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा. १९१९ मध्ये विल मॅरियन कुक यांच्या वाद्यवृंदाबरोबर तो लंडनला गेला. तिथं एर्न्स्ट आन्सेर्मे या स्विस वाद्यवृंद-संचालकानं त्याची क्लॅरिनेट ऐकली आणि त्याच वर्षी लेख लिहून त्याला प्रतिभावंत म्हटलं. अभिजात संगीतातल्या एवढ्या अधिकारी माणसानं एका तरुण कृष्णवर्णीय जॅझवादकाला अशी दाद द्यावी, हे त्या काळी अपूर्वच होतं. त्याच लंडनमध्ये एका दुकानात बेशेला सरळ सोप्रानो दिसला आणि त्यानं तो घेतला. न्यू ऑर्लिन्सच्या बँडात मुख्य चाल ट्रम्पेटकडे असायची. क्लॅरिनेट तिच्या वरच्या अंगानं नक्षी काढायची. सोप्रानो हाती आल्यावर बेशेनं चालच आपल्या हातात घेतली. ट्रम्पेटच्या शेजारी उभं राहून तिला मागे सारू शकेल एवढा आवाज त्या नळीत आहे हे त्यानं जगाला ऐकवलं.

त्याचा सुरावरचा कंप रुंद आणि वेगवान आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो जास्तही वाटेल. पण कान देऊन ऐका : सूर दोन्ही बाजूंना हलतो आणि मधलं ठिकाण एकदाही सुटत नाही. ज्या वाद्याचा सूर निसटायला टपलेला असतो त्यावर हे करायचं म्हणजे ओठावर केवढा ताबा हवा! १९३० च्या दशकातल्या मंदीत कामं मिळेनात तेव्हा याच माणसानं ट्रम्पेटवादक टॉमी लॅडनियरबरोबर हार्लेममध्ये कपडे शिवायचं दुकान चालवलं. १९३९ मध्ये ब्लू नोट या तेव्हा नव्यानंच निघालेल्या तबकड्यांच्या कंपनीसाठी त्यानं अमेरिकन संगीतकार गर्श्विनचं 'समरटाइम' वाजवलं आणि ती तबकडी त्या कंपनीचं पहिलं मोठं यश ठरली. पुढे तो फ्रान्समध्ये स्थायिक झाला, तिथं त्याला अफाट लोकप्रियता मिळाली, आणि १४ मे १९५९ ला, आपल्या बासष्टाव्या वाढदिवशीच, तो गेला.

एवढा माणूस होऊनही त्याच्या मागे रांग लागली नाही. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातला जॉनी हॉजेस बेशेकडूनच शिकला होता. तोही सोप्रानो वाजवायचा, पण १९४० च्या सुमारास त्यानं तो बाजूला ठेवला आणि ऑल्टोवरच राहिला. पुढे बिबॉप या वेगवान जॅझच्या काळात सोप्रानो जवळजवळ कपाटातच होता. याचं कारण मला माझ्या बाकावर रोज दिसतं. वाद्यवृंदात आठ-दहा जणांबरोबर रोज सुरात राहायचं आणि हातात हे वाद्य, ही जोखीम कोण घेणार? ज्यांनी घेतली ते एकेकटे होते. सोप्रानोचा इतिहास मला अशा एकेकट्या माणसांचाच इतिहास वाटतो.

तो कपाटातून बाहेर काढला न्यूयॉर्कच्या स्टीव्ह लेसीनं. जन्म १९३४. बेशेचं वादन ऐकून त्यानं सोप्रानो धरला आणि मरेपर्यंत दुसऱ्या कुठल्या सॅक्सोफोनकडे वळून पाहिलं नाही. इतर बहुतेक जण टेनर किंवा ऑल्टो वाजवतात आणि मध्येच सोप्रानो उचलतात. लेसीनं असं केलं नाही. त्याचा सूर बेशेच्या अगदी उलट, कोरडा, सरळ, कंप जवळपास नाहीच. १९५८ मध्ये त्यानं जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकच्या रचनांची अख्खी तबकडी केली, जेव्हा मंकच्या त्या अवघड चाली दुसरं कुणी फारसं वाजवत नव्हतं. पुढे १९७० पासून तीसेक वर्षं तो पॅरिसला होता. २००४ मध्ये वारला. लेसी ऐकताना मला नेहमी वाटतं की एकच स्वर तो सर्व बाजूंनी तपासून पाहतोय. दुरुस्ती करणाऱ्याला असा वादक जवळचा वाटणारच.

आणि मग कोलट्रेन. २१ ऑक्टोबर १९६० ला त्यानं 'माय फेव्हरिट थिंग्ज' ध्वनिमुद्रित केलं. मूळ गाणं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या संगीत नाटकातलं, वर्षभरापूर्वी आलेलं, साधं, मुलांना आवडेल असं. तीन-तीन मात्रांची चाल, आपल्या दादऱ्याच्या जवळची. कोलट्रेननं ते पावणेचौदा मिनिटांपर्यंत नेलं. त्याच्याबरोबर पियानोवर मकॉय टायनर, बासवर स्टीव्ह डेव्हिस, ड्रमवर एल्व्हिन जोन्स. तीनच दिवसांनी त्यानं सोप्रानोवरच आणखी एक रचना वाजवली, तिचं नाव 'ब्लूज टू बेशे'. आपल्या आधी ही वाट कुणी चालली याची त्याला आठवण होती.

'माय फेव्हरिट थिंग्ज'ची तबकडी मी पहिल्यांदा मास्तरांच्या दुकानात ऐकली. मास्तर उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदात सॅक्सोफोन वाजवत. गोव्यात चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकून मुंबईला गेलेल्या पिढीतले ते. दुकानात त्यांचा रेकॉर्ड प्लेअर होता आणि दुपारी काम थंडावलं की तो चालू व्हायचा. देवळात चौघड्याबरोबर सनई वाजवणारे एक म्हातारे काका आमच्याकडे बसायला येत. इंग्रजी बाजा म्हटलं की ते तोंड फिरवायचे. त्या दिवशी तबकडी लागली आणि काका पानाचा तोबरा तसाच ठेवून थांबले. थोड्या वेळानं म्हणाले, "ह्यो पांढरी तीनवर बसलाय की." मास्तरांनी पेटीवर सूर धरला, तर खरंच पांढरी तीन. शेजारचा तंबोरा कारागीर हे ऐकत होता. जवारी नुकतीच जमवलेला तंबोरा त्यानं आणला, पांढरी तीनला मिळवला आणि तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली.

तंबोरा कुठेही खटकला नाही. वादन जिथे मोकळं होतं तिथे पियानो दोनच स्वरसमूहांवर झुलत राहतो, बास षड्ज सोडत नाही, आणि वर सोप्रानो कोमल गंधाराभोवती फिरत राहतो. बराच वेळ तसंच चालतं. मग गंधार शुद्ध होतो आणि दार उघडून उजेड आत यावा तसं वाटतं. काका त्या जागेला मोठ्यानं "आहा" म्हणाले. त्यांना कोलट्रेन कोण, अमेरिका कुठे, काही ठाऊक नव्हतं. शंकूच्या नळीतून आलेला सूर, खाली स्थिर षड्ज, आणि एका स्वरावर घाई न करता थांबायची तयारी, एवढं त्यांच्या कानाला पुरलं.

हे नुसतं आमच्या कानाचं कौतुक नाही. कोलट्रेन त्या वर्षांत हिंदुस्थानी संगीत मन लावून ऐकत होता. १९६१ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये त्यानं 'इंडिया' नावाची रचना वाजवली. तीत आधाराचा सूर धरून ठेवायला एकाऐवजी दोन बास आहेत आणि कोलट्रेनच्या हातात सोप्रानोच आहे. पंडित रविशंकरांना तो भेटला, आणि १९६५ मध्ये झालेल्या मुलाचं नाव त्यानं रवी ठेवलं. तो रवी कोलट्रेन आज स्वतः सॅक्सोफोन वाजवतो, सोप्रानोसुद्धा. वडील १९६७ मध्ये, चाळिशीतच गेले.

कोलट्रेननंतर चित्र पालटलं. टेनर वाजवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकानं सोप्रानो जवळ ठेवायला सुरुवात केली. १९६९ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनं आपल्या जॅझमध्ये विजेची वाद्यं आणली तेव्हा वेन शॉर्टरनं सोप्रानो पुढे केला. गिटार, विजेचा पियानो आणि ड्रम यांच्या गलक्यात टेनर बुडतो. सोप्रानो वरून स्पष्ट येतो. लष्करी बँडसाठी साक्सनं जो जोर मागितला होता तो सव्वाशे वर्षांनी असा उपयोगी पडला. नॉर्वेचा यान गारबारेक हा आणखी एक. त्याचा सोप्रानो थंड आणि लांब पल्ल्याचा. १९८७ मध्ये निघालेल्या 'मेकिंग म्युझिक' या तबकडीत तो झाकिर हुसेन, पंडित हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांच्याबरोबर आहे. बासरी आणि सोप्रानो एकमेकांच्या अंगावर न येता शेजारी कसे वाजतात, हे ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी ती जरूर मिळवावी. इकडे मुंबई-कोलकात्यातही ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे सॅक्सोफोनवादक रागाची आणि जॅझची गाठ घालून पाहत होते. त्यांच्याबद्दल आपल्या वृत्तपत्रांनी लिहायला हवं होतं तितकं लिहिलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

युरोपीय वाद्यवृंदात सोप्रानोला कायमची खुर्ची मिळाली नाही. फ्रेंच संगीतकार राव्हेलच्या १९२८ च्या 'बोलेरो'त तीच चाल वाद्यावाद्यांतून फिरत येते, तेव्हा टेनरनंतर ती याच्याकडे येते. ब्राझीलच्या व्हिला-लोबॉसनं १९४८ मध्ये त्याच्यासाठी एक फांतासिया लिहिली. चार सॅक्सोफोनांच्या चौकडीत मात्र सगळ्यांत वरचा आवाज त्याचाच.

आता लिफ्टमधल्या संगीताचा आरोप. त्याचा रोख केनी जी या लोकप्रिय अमेरिकन सोप्रानोवादकाकडे आहे हे उघड आहे. मी त्यांची टिंगल करणार नाही. सोप्रानो इतका वेळ, इतका सुरात ठेवणं ही मेहनत आहे. १९९७ मध्ये त्यांनी एकच स्वर पंचेचाळीस मिनिटांहून अधिक वेळ न तोडता धरला. गालात हवा साठवून नाकानं श्वास घ्यायची ही रीत आपल्या सनईवाल्यांना नवी नाही. केनी जी यांचं संगीत मला स्वतःला लवकर पुरे होतं, कारण स्वराला खरखर, ओरखडा, रागलोभ काही शिल्लक ठेवलेला नसतो. वर प्रतिध्वनी इतका चढवलेला असतो की रीडचा मूळ आवाज ऐकूच येत नाही. पण ही एका वादकाची आवड झाली. त्यांच्या तबकड्या करोडो घरांत गेल्या म्हणून वाद्याचा स्वभावच तसा, असं ठरवणं चूक आहे. बेशेचा रागीट कंप, लेसीचा कोरडा सूर, कोलट्रेनचं तासणारं वादन हे सगळं त्याच नळीतून आलेलं आहे. ज्यांना सोप्रानो फक्त गोड वाटतो त्यांनी कोलट्रेन ऐकताना पहिल्या पाच मिनिटांवर थांबू नये.

मघाशी राहिलेला फरक. सनईवर बोट भोकावरून हळूच सरकवलं की मींड निघते. सॅक्सोफोनवर झाकणी एक तर उघडी, नाही तर बंद. मधलं सगळं ओठानं आणि गळ्यानं काढायचं. म्हणून आपल्याकडे कुणी राग वाजवायला सॅक्सोफोन घेतला की लोक आधी शंका घेतात. कद्री गोपालनाथ यांनी ती शंका कायमची मिटवली. दक्षिण कन्नडचे, घरात नादस्वराची परंपरा. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन पाहिला, वाद्यात स्वतःच्या गरजेप्रमाणे फेरफार केले आणि कर्नाटक संगीतातली गमकं त्यावर उतरवली. १९९४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ते वाजवून आले, २००४ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये गेले. त्यांचं वाद्य ऑल्टो होतं. तेच काम सोप्रानोवर, आपल्या हिंदुस्थानी रागात, आयुष्य देऊन करणारा वादक मला ऐकायचा आहे. सोप्रानोवर ओठाला जी मोकळीक मिळते, जिच्यामुळे नवशिका बेसूर होतो, तीच मोकळीक मींडेसाठी लागते. ज्याचा कान पक्का आहे त्याच्या हातात या वाद्याचा दोष गुण होऊन बसतो. सोलापूरला सनईहून आखूड सुंदरी मैफलीत वाजते, मग हा का वाजू नये? गाणारा-वाजवणारा तरुण, ज्याची आधी दहा-बारा वर्षं स्वरसाधना झाली आहे, त्यानं सोप्रानो जरूर हातात घ्यावा. लेखातला सल्ला त्याला दिला असता तर मी आनंदानं मान डोलावली असती.

तेव्हा संपादक महाराज, दोन विनंत्या. लहान मुलांसाठीचा तो सल्ला पुढच्या पुरवणीत दुरुस्त करून छापावा. निदान ऑल्टो किंवा क्लॅरिनेटपासून सुरुवात करा, एवढं तरी. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत पालक खरेदी करतात, त्यामुळे हे लवकर व्हावं. आणि आपल्या संगीताच्या सदरात एकदा बेशेवर, एकदा लेसीवर लिहून आणावं. मैफलींचं वृत्त देणाऱ्या आपल्या बातमीदारांना ही नावं माहीत असतील तर सोप्रानोवादक ऐकताना त्यांचे प्रश्न वेगळे असतील.

ज्या पालकांनी आधीच सोप्रानो आणला आहे त्यांनी तो विकून टाकायची घाई करू नये. मिरजेत फुंकवाद्यांच्या दुरुस्तीचं दुकान म्हणून विचारलं की कुणीही दाखवेल. गळती तपासून देण्याचे मी पैसे घेत नाही. पॅड बदलावा लागला तर सांगेन, माउथपीस बदलून काम भागत असेल तर तेही सांगेन, आणि वाद्य ठीक असेल तर ते बासनात गुंडाळून मूल जरा मोठं होईपर्यंत जपून कसं ठेवायचं तेही दाखवेन. पॅडांना ओल लागू द्यायची नाही, रीड माउथपीसवर बांधून ठेवायची नाही, आणि पेटीत ठेवताना झाकण्यांवर वजन येऊ द्यायचं नाही.

आपला नम्र,
एक वाद्यदुरुस्ती कारागीर,
मिरज